बाबांच्या कंपनीबद्दल तुझं मत

६ एप्रिल

ताई,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. घरच्या नंबरवरून फोन आला की तू उचलत नाहीस, आणि ऑफिसात लावला की एक गोड आवाजाची मुलगी म्हणते, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, मॅडमचा धाकटा भाऊ बोलतोय. ती म्हणाली, मॅडमना भाऊ आहे हे माहीत नव्हतं. तिची काही चूक नाही, माझं मलाच अधूनमधून विसरायला होतं. माझा स्वतःचा फोन एका बंदरावर पाण्यात पडला. त्या गोष्टीत एक खलाशी आहे आणि एक बोकड आहे, पण ती नंतर कधीतरी.

मी घरी आहे. एका बागेत फळं उतरवायच्या कामावर होतो, मुकादमाशी पटतही होतं, म्हणजे माझ्या मानाने. तेवढ्यात उंचकाकांचा निरोप आला, "एकदा येऊन जा." तुला उंचकाका आठवत असतील, बाबांच्या कंपनीत पॅकिंगला होते ते, आपल्या दारातून वाकून आत यायचे. अजूनही वाकूनच येतात, फक्त आता आत आल्यावर सरळ होत नाहीत. बाबांना खोकला आहे. बाकी ठीक.

मुद्दा असा. कंपनीचा तिमाही निकाल महिनाअखेरीस लागणार, आणि बाबांनी मला कामाला जुंपलंय. म्हणाले, "भिंगऱ्या, इतकी वर्षं भिरभिरलास, आता बूड टेकून एक गोष्ट पुरी कर. कंपनीचे आकडे बघ आणि निकालाच्या आधी मला सांग, शेअर ठेवण्यासारखा आहे की नाही."

"बाबा, मला विक्री आणि नफा यांतला फरक सांगता येत नाही."

"मग शीक. तुझी बहीण काय पोटातून शिकून आली होती?"

दोन वर्षांत पहिल्यांदा, ताई. नाव नाही घेतलं, 'तुझी बहीण' म्हणाले. पण म्हणाले.

म्हणून विचारतो. कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीचा शेअर तोलायला तुम्ही शेअरबाजारातले लोक सुरुवात कुठून करता? मला कळेल असं सांग. मी कॉलेजात किती टिकलो हे तुला माहीत आहे.

तुझा,
भिंगरी


१३ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, चार वाक्यांचं. 'प्रिय' नाही, 'आशीर्वाद' नाही, एकदम 'विक्री बघ.' मी हसलो. मग वाचलं: विक्री कंपनीकडून दुकानांना झाली की दुकानांकडून माणसांना, हे वेगळं काढ. गोदामात माल किती पडून आहे ते बघ. नफा रोजच्या धंद्यातून आलाय की दुसरीकडून, ते बघ. आणि खाली पेनाने, तिरकं, घाईत लिहिल्यासारखं: 'औषधं वेळेवर घेतात का?'

बाबांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. शेवटची ओळही वाचली. ते म्हणाले, "तिला काय करायचंय?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने मी चहा घेऊन आलो तर बाटली उघडी होती आणि चमचा चिकट झाला होता. एरवी ते औषध मी अर्धा तास आर्जवं केल्याशिवाय पोटात जात नाही.

तू सांगितल्याप्रमाणे मी दुकानं फिरलो. फिरणं मला जमतं. स्टेशनसमोरच्या मोठ्या दुकानात काचेच्या कपाटात आपल्या कंपनीचे कॅमेरे मांडलेत, एकेकावर दिवा सोडलाय, दागिन्यांसारखा. मी विचारलं, खपतात का? दुकानदार म्हणाला, "लोक येतात, हातात घेतात, वा वा करतात. मग खिशातून फोन काढून कॅमेऱ्याचा फोटो काढतात आणि जातात." त्याचा पोरगा मात्र म्हणाला की कॉलेजची मुलं हल्ली जुने, छोटे, टाकाऊ कॅमेरे शोधत येतात, फोटो जरा भुरकट येतो म्हणून. बाबा आयुष्यभर भिंगं घासून भुरकटपणाशी भांडले, आणि आता तोच पैसे देऊन विकत घेतात. हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुकानाच्या मागे जिन्याखाली खोकी छतापर्यंत रचलेली. मी म्हटलं, अरे, एवढा माल मागवलाय म्हणजे चाललंय की चांगलं! दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की मला माझा मुकादम आठवला. "मागवलाय कोण? मार्च आला की कंपनीचा माणूस येतो, पाया पडतो, तेवढा उचला म्हणतो, नाही खपला तर परत घेऊ म्हणतो. आकडा दिसायला हवा ना त्यांचा."

तुझ्या पहिल्या वाक्याचा अर्थ मला त्या जिन्याखाली कळला.

घरी येऊन बाबांना म्हटलं, माल पडून आहे. त्यांनी काय केलं सांगू? निवृत्त होताना कंपनीने दिलेला कॅमेरा कपाटातून काढायला लावला. भिंग काढलं, बल्बसमोर धरलं, हळूहळू फिरवलं. मग माझ्या हातात दिलं.

"ओरखडा दाखव."

"नाहीये."

"डाग? बुडबुडा? कडेला रंग फुटलाय?"

"नाही, बाबा."

"मग? असं भिंग करणारी कंपनी बुडते कशी?"

मी म्हटलं, भिंग चांगलं असणं वेगळं आणि शेअर चांगला असणं वेगळं. ते म्हणाले, "झालं. तूही तिच्यासारखा बोलायला लागलास." पण रागाने नाही म्हणाले. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

एक विचारू? तुझा तो अहवाल मी काल पहिल्यांदा वाचला, कंपनीच्या शेअरवर 'विका' असं लिहिलेला. मी तेव्हा इथे नव्हतो, उंचकाकांकडूनच ऐकलं होतं. कुणीतरी तो छापून कॅन्टीनच्या फळ्यावर टाचला होता आणि तुझ्या नावाखाली लाल रेघ मारली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर एकजण बाबांना म्हणाला, "काय हो, तुमच्या लेकीने तर आपल्या सगळ्यांचं दुकान बंद करायला काढलंय!" बाबांनी उठून कागद काढला, घडी घातली आणि डबा न उघडता पॉलिशच्या हॉलमध्ये निघून गेले. त्या संध्याकाळी त्यांनी तुला फोन केला. पुढचं तुला माहीत आहे. मला दोन्हीकडून एकच वाक्य ऐकायला मिळालंय. तू म्हणालीस, "मी कंपनीबद्दल लिहिलंय, तुमच्याबद्दल नाही." आणि ते म्हणाले, "फरक काय?"

वाचताना मला वाटलं होतं, तू त्यात काहीतरी टोचणारं लिहिलं असशील. तसं काहीच नाही. 'भिंगांचा दर्जा आजही उत्तम आहे' असंही एक वाक्य आहे, मधेच, जिथे आकड्यांना त्याची काही गरज नव्हती. ते वाक्य तू कोणासाठी घातलंस ते मला कळलं. त्यांना कळलं नाही, कारण ते तिथपर्यंत पोचलेच नाहीत. पहिला शब्दच 'विका' होता.

भिंगरी


२० एप्रिल

ताई,

खोकला नाहीये तो. म्हणजे खोकला आहे, पण नुसता खोकला नाही.

पहिल्या पत्रात 'बाकी ठीक' लिहिलं कारण बाबा समोर बसले होते आणि म्हणाले होते, तिला आजारपणाचं कळवायचं नाही, ती दयेने आलेली मला नको. आता ते पांघरूण घेऊन झोपलेत, म्हणून लिहितो. डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. भली बाई आहे, पण बोलताना सारखी माझ्या चपलांकडे बघत होती. फुप्फुसात पसरलंय. ऑपरेशनचा उपयोग नाही. पावसाळ्यापर्यंत, म्हणाली, आणि पुढे काही म्हणाली नाही. मी विचारलं, त्यांना सांगायचं का? ती म्हणाली, तुमच्या घरातलं तुम्ही ठरवा. घरातलं ठरवणारा मी! मला आजवर कोणी संध्याकाळी भाजी कुठली करायची तेही विचारलेलं नाही.

मी नाही सांगितलं. त्यांना वाटतंय, फुप्फुसाला सूज आहे, उन्हाळा सरला की उतरेल. निकालापर्यंत ताजेतवाने व्हायचंय म्हणतात. जणू त्यांचाच निकाल आहे.

उंचकाका काल आले होते. मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "हॉल रिकामा करतायत रे." कुठला, ते मी विचारलं नाही. पॉलिशची यंत्रं झाकून ठेवलीत, दोन गाडीवर चढवून नेली. नव्या पोरांना दुसरीकडे पाठवलं, जुन्यांना घरी. काका म्हणाले, "त्याला नको सांगूस. त्याच्या खुर्चीला अजून कोणी हात लावलेला नाही, असं मी त्याला सांगितलंय."

"खरंच नाही लावला?"

"ती पहिल्या गाडीतच गेली."

तुझं दुसरं पत्र आलं. दुकानाच्या जिन्याखालचा ढीग म्हणजे विक्री नव्हे, हे तू दोन ओळींत समजावलंस, पण मला आधीच समजलं होतं, त्यामुळे मला उगाच हुशार वाटलं. खालची तिरकी ओळ: 'खोकला कोरडा आहे की कफ पडतो?' तुला संशय आलाच होता म्हणजे. मी दोन्ही पत्रांत त्याबद्दल जेवढं कमी लिहिलं, तेवढंच तू नेमकं वाचलंस.

ताई, तू आत्ता आलीस तर त्यांना कळेल, का आलीस ते. आणि नाही आलीस तर तुलाच पुढे ते गिळता येणार नाही. मला दोन्ही बाजू दिसतात आणि मधे उभं राहून काही सुचत नाही. आजवर असं झालं की मी बॅग उचलायचो.

या वेळी नाही उचलली. एवढंच सांगायचं होतं.

भिंगरी


२८ एप्रिल

ताई,

हे कुरियरने पाठवतोय, उद्याच मिळेल. मिळाल्या मिळाल्या वाच.

आज निकाल लागला. बाबांनी सकाळीच दाढी करून घेतली. इस्त्रीचा शर्ट मागितला, तो दोन माणसं मावतील एवढा झालाय त्यांना. खुर्ची खिडकीशी ओढायला लावली. उंचकाका फोन घेऊन बसले, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा सगळ्या खोलीत शोधत होते. मी सांगितल्यावर बाबा एवढे हसले की खोकल्याची उबळ आली आणि आम्ही दोघं घाबरलो.

दुपारी आकडे आले. काका ओरडलेच, "नफा तिप्पट! अरे, तिप्पट! शेअर वर चाललाय बघ!"

बाबा म्हणाले, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. मग मला वाचायला लावलं. मी पान खाली सरकवलं, आणि तू पहिल्या पत्रात लिहिलेलं तिसरं वाक्य डोळ्यांसमोर आलं: नफा कुठून आलाय ते बघ. खाली बारीक अक्षरात होतं. मागच्या बाजूची जमीन विकली. त्या एका सौद्यातून आलेला पैसा नफ्यात धरलाय. कॅमेऱ्यांची विक्री घटलीच आहे. आणि यापुढे भिंगं बाहेरून विकत घेणार.

मी तेवढं सोडून वाचलं. काकांना कळलं, कारण ते माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "पेढे नाहीत, पण चहा तरी कर रे."

ताई, तुझं बरोबर होतं. दोन वर्षांपूर्वीही आणि आजही. हे मी तुला लेखी देतो, जपून ठेव, कारण पुढची गोष्ट मागायला मला याच कागदाचा आधार आहे.

बाबा आधी म्हणाले, "पोरगी तोंडावर आपटली!" मांडीवर थाप मारून. मग चहाचा एक घोट घेतला. कपात बघत म्हणाले, "तिच्या नोकरीवर तर नाही ना येणार काही? तिथे चुकलेलं चालत नाही म्हणतात."

"नाही हो बाबा, एवढ्याने कोण काढतंय?"

"साहेब बोलला असेल तिला आज. सगळ्यांसमोर बोलला असेल." आणि मग, अगदी सहज बोलावं तसं: "तिला म्हणावं फोन कर. मी काही ऐकवणार नाही. एकदा 'चुकलं' म्हणाली की संपलं. माणूस आहे, चुकतं."

मी तुझ्यासमोर हात जोडतो. फोन कर आणि म्हण. मला माहीत आहे, तू कधी कोणाला असं म्हणालेली नाहीस, आणि इथे तर चुकलेलीही नाहीस. पण ते तुला माफ करायला टपून बसलेत, ताई. त्यांना दुसरं काही देता येण्यासारखं उरलेलं नाही.

भिंगरी


३ मे

ताई,

तुझा फोन झाल्यावर तू काकांच्या नंबरवर विचारलंस, 'बरं वाटलं ना त्यांना?' काकांनी 'हो' लिहिलं. ते मीच लिहायला सांगितलं, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. आता खरं सांगतो.

तू म्हणालीस, "बाबा, माझं चुकलं." फोनचा आवाज मोठा ठेवला होता, सगळ्यांना ऐकू आलं. बाबा म्हणाले, "असू दे गं, असू दे. जेवलीस का?" तू हो म्हणालीस. ते म्हणाले, "उन्हात फिरू नको." तू बरं म्हणालीस. मग फोन बंद झाला. काका नाक शिंकरत बाहेर गेले. मला वाटलं, जमलं. मी, ज्याला आजवर काही जमलं नाही, त्याला हे जमलं.

बाबा बराच वेळ फोनकडे बघत होते. मग म्हणाले, "भिंगऱ्या, ती नुसतंच 'चुकलं' म्हणाली?"

"तुम्हीच ऐकलंत की."

"तेच म्हणतोय. सातवीत तिचं एक गणित चुकलं, तर आठवडाभर जेवताना भांडायची की प्रश्नच चुकीचा छापलाय. शेवटी निघालाही चुकीचा. ही पोरगी चुकलं म्हणेल तेव्हा कुठे चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करीन, सगळं सांगेल. आज तिने एकही कारण दिलं नाही. लहान पोराला थोपटतात तसं थोपटलं मला." आणि मग माझ्याकडे बघून, "डॉक्टर काय म्हणाली तुला?"

मी चादरीची घडी घालत होतो. घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"बोल की. घडी झालीय ती."

सांगितलं. सगळं नाही, पण त्यांना जेवढं हवं होतं तेवढं. ते रडले नाहीत. 'पावसाळ्यापर्यंत' हा शब्द त्यांनी एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग म्हणाले, "आता निकाल वाच. परवा वाचलास तसा नाही, पुरा."

वाचला. बारीक अक्षरातलंही.

"मागची जमीन म्हणजे पॉलिशचा हॉल."

"हो."

"आणि तो उंच खोटारडा मला सांगतो, खुर्ची जागेवर आहे." खिडकीबाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, ते किक मारणं आम्ही दोघं ऐकत बसलो. चालू झाली तसे बाबा म्हणाले, "तिचं बरोबर होतं. आणि मी तिच्याकडून चूक कबूल करून घेतली. मरायला टेकलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून ती हो म्हणाली. असली माफी घेऊन मी काय करू रे?"

मी म्हटलं, बाबा, तिने प्रेमानेच केलं. ते म्हणाले, "ते कळतंय. प्रेमाने तर सगळेच वागतायत. तू आकडे गाळतोस, तो खुर्ची परत आणून ठेवतो, ती रोज येणारी नर्स म्हणते आज तुकतुकीत दिसताय. माझ्याशी खरं बोलणारी एकच होती, आणि दोन वर्षं मी तिच्याशी बोललो नाही."

ताई, हे मी लिहिता लिहिता तीनदा उठलो. आधी पाणी प्यायला, मग मांजर हाकलायला, आणि मांजर नव्हतंच.

काल त्यांनी शेअरची गोष्ट पुन्हा काढली. नोकरीत दर काही वर्षांनी कंपनीने दिलेले ते, त्यांनी एकही कधी विकला नाही. म्हणाले, "ठेवू की विकू?" मी म्हटलं, महिनाभर अभ्यास करून मला एवढंच कळलंय की मला कळत नाही. "तुला नाही विचारत. तिला विचार. पैशांसाठी नाही. तिने या कंपनीचा एवढा अभ्यास केला आणि माझ्या घरात मीच तिचं मत कधी विचारलं नाही. म्हणावं, येऊन सांग. माझ्यासमोर बसून, आकड्यांसकट, पहिल्या शब्दापासून. मी मधे बोलणार नाही." आणि थोडं थांबून, "बोललो तर बोललो. तिने गप्प बसायचं नाही."

कालपासून ते बहुतेक वेळ झोपूनच असतात. पावसाळा, असं डॉक्टर म्हणाली होती खरी, पण आज ती माझ्या चपलांकडेही बघत नव्हती. जाग आली की ते उशी उंच करायला लावतात आणि दाराकडे बघून विचारतात, "आली का तुझी बहीण?"

मी सांगतो, निघाली आहे.

मला आता त्यांच्याशी आणखी एकही खोटं बोलायचं नाही. तू निघ.

भिंगरी